मास्तरांच्या तोंडातल्या टाचण्या

“अंग अचानक बधिर झालं की मोबाईल बघू नका, घड्याळ बघा,” असं डॉक्टरीणबाईंनी मला बजावून सांगितलं होतं. मी मान डोलावली आणि ते कानाआड केलं. आपण मरणार नाही हे नुकतंच कळलेल्या माणसाला पुढचं वाक्य ऐकू येत नाही.

त्याचं असं झालं, की चिंगी पाच महिन्यांची असताना माझ्या डाव्या हाताची करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट बधिर व्हायला लागलं. आधी मुंग्या, मग काहीच नाही. चिमटा काढला तर शेजारणीला काढल्यासारखा वाटायचा. मी रसायनशास्त्राची पदवी घेतलेली बाई. घाबरायचं कसं ते मला संदर्भासकट येतं. चिंगीला पाजता पाजता उजव्या हाताने मोबाईलवर ‘शरीराची एक बाजू बधिर होणे’ टाकलं आणि अर्ध्या तासात मला अकरा रोग झाले. मानेतला मणका सरकला होता, बी-ट्वेल्व्ह तळाला गेलं होतं, रक्तातली साखर चढली होती, डोकं न दुखता येणारी अर्धशिशी आली होती, मेंदूतल्या नसांचं आवरण झिजत होतं. आणि यातलं काही नसेल तर मग गाठ होतीच.

संध्याकाळी नवरा कामावरून आला तेव्हा मी त्याला चिंगीच्या लसींचं कार्ड कपाटात कुठे असतं ते दाखवलं.

“हे मला कशाला?”

“तुला माहीत असलेलं बरं. पुढे लागेल.”

“तू कुठे चाललीस?”

“आत्ताच काही सांगता येत नाही.”

“बरं. जायच्या आधी दूध आणायचंय, तेवढं लक्षात ठेव,” असं म्हणून तो पाय धुवायला गेला.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरीणबाईंनी माझी बोटं टोचून, हात वाकवून पाहिला आणि विचारलं, “बाळाला पाजायला कुठे बसता?”

“लाकडी खुर्चीत.”

“डावं कोपर कुठे असतं?”

“खुर्चीच्या हातावर टेकलेलं.”

“किती वेळ?”

मी पिशवीतून वही काढली. “दिवसाला सरासरी चार तास दहा मिनिटं.”

डॉक्टरीणबाईंनी आधी वहीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. “कोपराच्या हाडामागून एक नस जाते. तिच्यावर तुम्ही रोज चार तास दहा मिनिटं भार देताय. कोपराखाली उशी घ्या.”

एवढंच. अकरा रोगांवर एक उशी. माझे डोळेच भरून आले. त्यानंतर त्या म्हणाल्या, “दबलेल्या नसेचा बधिरपणा रमतगमत येतो. आला, गेला, हात झटकला की हलला. पण एका बाजूचा हात, पाय, तोंड अचानक गेलं, तुमचं असो नाहीतर घरातल्या कुणाचं, तर माझ्याकडे नंबर लावत बसू नका. हसायला सांगा, दोन्ही हात वर करायला सांगा, बोलायला सांगा. यातलं एक जरी बिघडलेलं दिसलं, तर घड्याळ बघा आणि सरळ मोठं हॉस्पिटल गाठा.” मी “हो, हो” म्हणत होते. मनात उशीला अभ्रा कुठल्या रंगाचा शिवायचा ते चाललं होतं.

अभ्र्याचं कापड सासऱ्यांकडे मिळालं. आमच्या घराची पुढची खोली म्हणजे त्यांचं शिवणकामाचं दुकान, आणि मागच्या दोन खोल्या म्हणजे आम्ही. गावाला ते मास्तर. मला आणि नवऱ्याला बाबा. चाळीस वर्षं पुरुषांच्या पँटी आणि कोट शिवतायत, आणि चाळीस वर्षं त्यांची एक खोड आहे. टाचण्या तोंडात धरायच्या. ओठांच्या डाव्या कोपऱ्यात टाचण्या, आणि उरलेल्या उजव्या कोपऱ्यातून बोलणं. त्यामुळे त्यांचा प्रत्येक शब्द दाराच्या फटीतून ढकलल्यासारखा बाहेर येतो. सासूबाई म्हणतात, “मला बघायला आले तेव्हा पसंत म्हणाले की नापसंत, ते मला अजून कळलेलं नाही. मी आपली आले.”

चिंगी रांगायला लागली आणि माझं नि बाबांचं टाचण्यांवरून युद्ध सुरू झालं. जमिनीवरची प्रत्येक वस्तू ती आधी तोंडात घालायची, मग ती काय आहे त्याचा विचार करायची. मी एका मोडक्या स्पीकरमधला लोहचुंबक काढला, त्याला नाडी बांधली आणि दिवसातून तीनदा दुकानाच्या फरशीवरून फिरवायला लागले.

बाबांना हा भयंकर अपमान वाटला. “चाळीस वर्षांत या तोंडातून टाचणी खाली पडलेली नाही,” फटीतून आवाज आला.

“पडायला एकच लागते, बाबा.”

तेव्हापासून ते मला इन्स्पेक्टरबाई म्हणायला लागले. मी चुंबक घेऊन आले की विचारायचे, “काय इन्स्पेक्टरबाई, मुद्देमाल?” मी म्हणायचे, “नाही.” आणि वहीत लिहायचे: ‘फेरी. निरंक.’

ही तीच वही. चिंगी कधी प्यायली, कधी झोपली, कितीदा ओली झाली, सगळं वेळेसकट. नवरा विचारायचा, “ही सरकारला पाठवायची असते का?” सासूबाई म्हणायच्या, “आम्ही तीन वाढवली. एकाचीही कागदपत्रं नाहीत.” पण बाबांनी मात्र माझी एक अट मान्य केली होती. चिंगीला उचलायच्या आधी तोंडातल्या टाचण्या काढून डबीत ठेवायच्या. ती अट त्यांनी एकदाही मोडली नाही, हे मी इथे मुद्दाम लिहून ठेवते, कारण पुढे सगळं त्यावरच ठरलं.

त्या मंगळवारी सकाळी दुकानात वकीलसाहेब आले होते. त्यांच्या नव्या काळ्या पँटची पायाकडची दुमड टाचायची होती. दुसऱ्या दिवशी त्यांचा मोठा खटला होता. ते स्टुलावर उभे, बाबा त्यांच्यासमोर गुडघ्यांवर. मी बारा वाजायला वीस मिनिटं कमी असताना चुंबक घेऊन पोचले, तेव्हा संभाषण असं चाललं होतं:

“मास्तर, हा डावाच पाय झाला. उजवा?”

“झालं,” बाबा म्हणाले.

“अहो कुठे झालं? उजवा पाय जमिनीवर लोळतोय.”

“झालं म्हंतो ना.”

“म्हणजे उद्या कोर्टात मी एका पायावर उभा राहू? न्यायाधीश विचारतील, वकीलसाहेब, कोणतं व्रत?” वकीलसाहेब मला बघून हसले. “मास्तरांची आज लहर फिरली आहे.”

बाबा हसले नाहीत. उजव्या पायाकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही, जणू तो पाय त्यांच्याकडे शिवायला आलाच नव्हता.

मी चुंबक स्टुलाखालून ओढला. टक. मग टक, टक. वर उचलून पाहिलं तर सात टाचण्या लोंबत होत्या.

खरं सांगते, मला पहिल्यांदा झाला तो आनंद. चार महिन्यांच्या ‘निरंक’नंतर सात! “बाबा!” मी चुंबक त्यांच्या नाकासमोर धरला. “काय म्हणत होतात? चाळीस वर्षांत काय?”

ते काहीतरी पुटपुटले.

“आधी तोंडातल्या टाचण्या काढा आणि मग बोला.”

“नाइएत,” बाबा म्हणाले.

“काय?”

“टाच्या नाइएत.” आणि त्यांनी मला दाखवायला तोंड उघडलं.

तोंड रिकामं होतं. तरी ते वाकडंच होतं. डावा कोपरा, उसवलेल्या दुमडीसारखा, खाली लोंबत होता. सातही टाचण्या तिथूनच एकेक करून घसरल्या होत्या आणि त्यांना पत्ता नव्हता.

एरवी अर्ध्या तासात अकरा रोग शोधणारं माझं डोकं त्या क्षणी एकाच वाक्यापाशी जाऊन उभं राहिलं. मी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. अकरा बेचाळीस.

“बाबा, हसा.”

“कशाला?”

“असंच. माझ्यासाठी.”

“वेड लाग्लं इस्पेक्टरला,” ते वकीलसाहेबांना म्हणाले, आणि त्यावर स्वतःच हसले. अर्धं तोंड हसलं. अर्धं तसंच राहिलं.

त्यांच्या गळ्यातली टेप मी ओढून घेतली. “उठून खुर्चीवर बसा आणि दोन्ही हात पुढे करा. माप घ्यायचंय.”

“मापं मी घेतो.”

“आज मी घेते. हात पुढे करा, डोळे मिटा.”

हे वाक्य त्यांनी आयुष्यभर दुसऱ्यांना सांगितलेलं. ऐकायची वेळ पहिलीच. वकीलसाहेब स्टुलावरून उतरले आणि त्यांनी बाबांना धरून खुर्चीत बसवलं. उजवा हात झटकन वर आला. डावा कसाबसा उचलला गेला आणि मग खुंटीवरून शर्ट घसरावा तसा हळूहळू खाली गेला.

“डावा हात कुठे आहे, बाबा?”

“वरच आहे की,” ते ठामपणे म्हणाले.

मी हाक मारली तशा सासूबाई स्वयंपाकघरातून आल्या. “काय झालं? चिंगीनं गिळली का टाचणी?”

“आई, बाबांचं तोंड बघा.”

“त्यांचं तोंड लग्नापासून असंच आहे.”

“आई, तोंडात टाचण्या नाहीत.”

सासूबाई जवळ आल्या. वाकून पाहिलं. हातातल्या फडक्याची त्यांनी उगाच दोनदा घडी केली. “अहो?” त्या अगदी बारीक आवाजात म्हणाल्या. मी त्यांना त्या आवाजात बोलताना कधी ऐकलं नव्हतं.

अँब्युलन्सला फोन केला तर पंचवीस मिनिटं म्हणाले. वकीलसाहेबांची गाडी दारातच उभी होती. “चला,” ते म्हणाले, आणि आम्ही निघालो. मी नवऱ्याला फोन लावला.

“आज काय?” तो म्हणाला.

“बाबांना लकवा मारलाय.”

“अगं, मागच्या आठवड्यात चिंगीला मारला होता. झोपेत एकच पाय हलवते म्हणून.”

माझं चुकलं होतं हे मला तिथे गाडीत कळलं. लांडगा आला रे म्हणून मी इतक्यांदा ओरडले होते, की खरा लांडगा मागच्या सीटवर बसला होता तरी घरचा माणूस दूध आणायचंय म्हणणार होता. मी म्हटलं, “हे बघ. मी मोबाईल उघडलेला नाही. मी घड्याळ बघितलंय. अकरा बेचाळीस.”

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मग तो म्हणाला, “कुठलं हॉस्पिटल?”

त्या प्रवासाचं वर्णन करू नये, पण करते. वकीलसाहेबांच्या पँटचा डावा पाय टाचण्यांनी भरलेला होता, आणि क्लच डाव्याच पायाने दाबावा लागतो. प्रत्येक गिअरला ते “आई गं!” म्हणायचे. चिंगीला हा खेळ फार आवडला. तिसऱ्या सिग्नलपासून ती त्यांच्याआधी टाळ्या वाजवायला लागली. मागे बाबा सासूबाईंच्या अंगावर कलंडत होते आणि “मला काय झालंय? दुकान उघडं टाकलंय,” एवढंच पुन्हा पुन्हा म्हणत होते. सासूबाई त्यांचा डावा हात आपल्या मांडीवर घेऊन चोळत होत्या, जसा काही तो थंडीनंच गारठला होता.

तातडीच्या विभागात एक तरुण डॉक्टर होता. त्याने बाबांना तपासता तपासता विचारलं, “यांना शेवटचं ठणठणीत कुणी आणि कधी पाहिलं?”

“ठणठणीत कसले?” सासूबाई म्हणाल्या. “बोलणं असंच असतं त्यांचं. सकाळीही असंच होतं. कालही असंच.”

डॉक्टरचं पेन थांबलं. “कालपासून असं बोलतायत?”

“तसं चाळीस वर्षांपासून.”

“आजी, नीट आठवा. गुठळी असेल तर ती विरघळवायचं औषध आहे. पण ते सुरुवातीच्या काही तासांतच देता येतं. उशिरा दिलं तर मेंदूत रक्तस्राव व्हायची भीती असते. कधी सुरू झालं तेच माहीत नसेल, तर मला ते देता येणार नाही.”

सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी वही काढली. घाईत आधी परवाचं पान उघडलं.

“वाचा,” डॉक्टर म्हणाला.

“अकरा पाच. चिंगी पिऊन झाली. बाबांनी लगेच दोन्ही हातांनी डोक्याच्या वर उचललं. तीनदा. नको म्हटलं तरी. म्हणाले, माझी नात आहे, ओकली तर माझ्याच टकलावर ओकेल. ओकली. अंदाजे दोन चमचे.”

“दोन्ही हातांनी?”

“दोन्ही.”

“आणि हे सगळं स्पष्ट बोलले?”

“अगदी स्पष्ट. चिंगीला घेताना टाचण्या काढून ठेवतात.”

“कसल्या टाचण्या?”

“पुढे वाचते. अकरा पंचवीस. आई बाबांवर ओरडल्या, चहा शर्टावर सांडला म्हणून. चिंगी दचकून उठली.”

“हो,” सासूबाई म्हणाल्या, “तोंडाच्या डाव्या बाजूनं गळत होता. मी म्हटलं, लहान आहात का?” आणि मग त्यांनी पदर तोंडाला लावला.

इतका वेळ मागे उभे असलेले वकीलसाहेब पुढे आले. “डॉक्टर, ही त्याच वेळी, स्वतःच्या हाताने केलेली लेखी नोंद आहे. शिवाय नोंद करणारीचा मास्तरांवर राग स्पष्ट दिसतो. म्हणजे त्यांना धडधाकट दाखवायला मुद्दाम लिहिलेली नाही. यापेक्षा चांगला पुरावा मला वीस वर्षांत मिळालेला नाही.”

डॉक्टरने त्यांच्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. एक पाय घोट्यावर टाचलेला, दुसरा हॉस्पिटलची फरशी पुसत होता. “तुम्ही कोण?”

“गिऱ्हाईक,” वकीलसाहेब म्हणाले.

डॉक्टरने कागदावर ‘११.०५’ लिहिलं, खाली रेघ मारली आणि स्ट्रेचर आत गेलं. डोक्याचा फोटो काढला. रक्तस्राव नव्हता, गुठळी होती. रक्तदाब इतका होता की नर्सनं दोनदा मोजला. गावभर सगळ्यांची मापं घेणाऱ्या माणसानं स्वतःचं हे एक माप कधीच घेऊ दिलं नव्हतं. बारा पन्नासला औषध सुरू झालं. तेही मी लिहिलं.

बाहेर बाकावर वकीलसाहेब पँटमधल्या टाचण्या काढून एका कागदात गुंडाळत बसले. नवरा धापा टाकत आला. त्यानं माझ्याकडून चिंगीला घेतलं. सासूबाई बाबांची टेप बोटांभोवती गुंडाळत होत्या, पुन्हा सोडत होत्या.

“लोकांना वाटतं शिंप्याचा उजवा हात महत्त्वाचा,” त्या म्हणाल्या. “कापतो ना तो, म्हणून. पण मशीनवर कापड सरकवतो तो डावा. किती ओढायचं, किती सोडायचं, ते त्याला कळतं. डावा गेला तर मशीन राहील. मास्तर नाही राहायचे.”

 माझी दोन बोटं बधिर झाली तर मी घरादाराला सांगत सुटले होते. यांचं अर्धं अंग गेलं आणि त्यांनाच खबर नव्हती.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी आत गेले तेव्हा बाबा चादरीची कड डाव्या हाताच्या अंगठ्यानं आणि दोन बोटांनी चाचपत होते. हळू, अडखळत, पण चाचपत होते. कड कुठे वाकडी शिवलीय ते शोधत असावेत. मला बघून त्यांनी ओठ ओले केले. आवाज जड होता, पण प्रत्येक अक्षर वेगळं कळत होतं.

“इन्स्पेक्टरबाई.”

“बोला बाबा.” माझे डोळे वाहायला लागले होते.

“सात नव्हत्या.”

“काय?”

“आठ होत्या. तोंडात मोजूनच धरतो मी.”

माझे डोळे तिथल्या तिथे कोरडे झाले. चिंगी घरी होती. नवऱ्याबरोबर. दुकानाचं दार उघडं ठेवायची त्याला सवय. मी कॉरिडॉरमध्ये पळत जाऊन फोन लावला, “चिंगीला उचल! जमिनीवर ठेवू नकोस! आठवी सापडलेली नाही!” तो म्हणाला, “आठवी काय?” मी म्हटलं, “चुंबक फिरव!” त्यानं तासभर फिरवला. पलंगाखाली, मशीनखाली, कोटांच्या खिशांत. दोन हुक आणि एक नाणं मिळालं, टाचणी नाही. मी चिंगीचा फोटो काढून आणायचा का, असं त्या तरुण डॉक्टरला विचारायला निघाले होते, तेवढ्यात वकीलसाहेबांचा फोन आला. ते कोर्टातून बोलत होते. पँट तशीच, आता दोन्ही पायांनी लांब, घालून गेले होते.

“मास्तरांना सांगा, आठवी माझ्याकडे आहे,” ते म्हणाले. “पँटच्या मागच्या बाजूला आडवी अडकली होती, आज उभी झाली. न्यायाधीश म्हणाले बसा, मी बसलो, आणि लगेच उठलो. माझी हरकत आहे असं समजून त्यांनी ती मान्य केली.”

हे सगळं होऊन तीन महिने झाले. बाबा आता सकाळी दोन तास दुकानात बसतात. डावी करंगळी अजून सुस्त आहे. ती माझ्या करंगळीची थोरली बहीण, असं ते म्हणतात. रक्तदाबाची गोळी मी वहीत टिक केल्याशिवाय त्यांना मिळत नाही. टाचण्या तोंडात धरायला बंदी आहे. मी त्यांना मनगटावर बांधायची छोटी उशी शिवून दिलीय, माझ्या अभ्र्याच्या उरलेल्या कापडाची. त्यामुळे आता त्यांचा शब्द न् शब्द स्पष्ट ऐकू येतो, आणि परवा सासूबाई मला हळूच म्हणाल्या, “एवढं बोलतात हे मला माहीतच नव्हतं गं. मला वाटायचं गुणगुणतात.”

तर हे वाचताय ना, एक काम करा. तुमच्या घरातही कुणीतरी असेल, ज्याचं बोलणं, बसणं, धडपडणं ‘असंच असतं’ म्हणून तुम्ही बघायचंच सोडून दिलंय. वडील असतील, मोठी आत्या असेल, वरच्या मजल्यावर एकटा राहणारा काका असेल. उठा आणि त्यांच्यापर्यंत जाऊन या. हसायला सांगा, हात वर करायला सांगा, दोन वाक्यं बोलायला लावा. तुम्हाला इन्स्पेक्टर म्हणतील. तोंड वाकडं करतील. करू द्यात. फक्त दोन्ही बाजूंनी सारखं करतात का, तेवढं बघून या.